पक्की मांड

मराठी भाषेत घोडा अजून पुष्कळ ठिकाणी बांधलेला आहे. वरातीमागून घोडे येतात, घोडामैदान जवळ असते, निरुपयोगी मजकुराला आपण खोगीरभरती म्हणतो, आणि बोलण्याची वेळ आली असता तोंडात तोबरा भरून बसलेल्या माणसाला हिणवतो. ज्याने तोबरा कधी पाहिला नाही असा मनुष्यही हे शब्द सहज वापरतो. ह्याचा अर्थ एवढाच, की घोडा आपल्या अंगणातून गेला, परंतु जिभेवरून गेला नाही. महाराष्ट्रातील आजच्या मुलाला घोडा भेटतो तो माथेरानच्या तांबड्या वाटेवर, महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी, किंवा नवरदेवाला पाठीवर घेऊन बँडच्या गोंगाटात उभा असलेला. ज्या मुलखातल्या भीमथडीच्या तट्टांनी एके काळी अटकेपर्यंत पाणी प्यायले, त्या मुलखात मुलाची आणि घोड्याची गाठ अशी तिकीट काढून दहा मिनिटांपुरती पडावी, हा काळाचा महिमा म्हणावयाचा.

परंतु ह्याच देशात असे एक शहर आहे, की जेथे दहाबारा वर्षांची मुले उजाडण्यापूर्वी उठून तबेल्याकडे जातात, घोड्याला खरारा करतात, खोगीर चढवतात आणि मग शाळेला जातात. ते शहर म्हणजे जयपूर. तेथील अश्वारोहण मंडळे, त्यांपैकी काही सैन्याच्या आश्रयाने चालणारी, काही पोलोच्या मैदानांशी जडलेली, तर काही खाजगी तबेल्यांतून निघालेली आहेत. ह्या मंडळांतील मुलांना घोड्याच्या सहवासातून काय मिळते, आणि ते त्यांना मिळू शकावे अशी परिस्थिती कशी घडून आली, हा इतिहास मराठी श्रोत्यांना वाटतो तितका परका नाही. त्यात त्यांचाही एक तृतीयांश वाटा आहे, तो कसा ते पुढे येईलच.

सवाई जयसिंहाने 1727 साली जयपूर वसवले, तेव्हा त्या आखीव नगरीत घोड्याची जागा आधीच नेमून ठेवलेली होती. राजवाड्याच्या आवारातील राजाच्या पागेला ‘आतिश’ म्हणत. आज तेथे बाजार भरतो आणि बाजारालाही तेच नाव आहे. जवळच ‘चौगान’ नावाचे विस्तीर्ण मैदान आहे. चौगान हे पोलोचे जुने फारसी नाव. त्या मैदानावर घोड्यांचे व हत्तींचे खेळ होत आणि बुरुजांवरील छत्र्यांत बसून राजपरिवार ते पाहत असे. अशा नगरात सरदाराच्या घरी जन्मलेला मुलगा घोड्यावर बसावयास शिकत असे तो छंद म्हणून नव्हे. त्याच्या कुळाची जहागीर घोड्यांच्या संख्येवर ठरलेली असे, आणि राजाला ठरावीक घोडेस्वार पुरवणे हे तिचे मूल्य असे. मुलाची मांड कच्ची राहिली, तर कुळाचा मान डळमळला. घोडा हा जन्माने येणारा अधिकार होता आणि जन्मानेच येणारे ओझेही होते.

महाराष्ट्रात ह्या बाबतीत थोडी वेगळी वाट पडली होती. शिवछत्रपतींच्या घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. स्वतःचा घोडा व शस्त्रे घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार, आणि सरकारी पागेतला घोडा ज्याला मिळे तो बारगीर. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि त्या पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद अशी व्यवस्था होती. वरवर पाहता ही लष्करी हिशेबाची बाब आहे. परंतु तिच्यात एक मोठा सामाजिक विचार दडलेला आहे. ज्याच्या बापाकडे घोडा नाही, त्यालाही स्वार होता येईल, कारण घोडा राज्याचा आहे, आणि म्हणून त्या घोड्याची चंदी, पाणी व नाल ह्यांची जबाबदारी सर्वांची मिळून आहे, हा तो विचार होय. आजच्या अश्वारोहण मंडळातील मूल ज्या घोड्यावर बसते, तो त्याच्या मालकीचा नसतो. आज त्याने त्यावर मांड ठोकावी, उद्या दुसऱ्याने. त्या अर्थाने हे मूल शिलेदाराचा नव्हे, तर बारगिराचा वारस आहे.

मराठी स्वार आणि जयपूर ह्यांची पहिली ओळख मात्र स्नेहाची नव्हती. जयसिंहाच्या मागे त्याच्या मुलांत गादीसाठी तंटा लागला, त्यात होळकर व शिंदे पडले, आणि मराठ्यांच्या खंडणीच्या तगाद्याला कंटाळून ईश्वरीसिंहाने 1750 च्या अखेरीस विष घेतले. पुढे काही दिवसांतच, 1751 च्या जानेवारीत, शहर पाहावयास वेशीच्या आत गेलेल्या मराठ्यांवर नगरवासी तुटून पडले व मोठी कत्तल झाली. 1787 साली महादजी शिंद्यांचे सैन्य जयपूरकर व जोधपूरकर राठोडांशी तुंग्याच्या मैदानावर भिडले, तेव्हा राठोड घोडेस्वारांचा हल्ला किती भयंकर असतो ह्याचा अनुभव मराठ्यांना आला. दोन्ही बाजूंचे घोडे सारखेच दमले, आणि दोन्हीकडच्या गावकऱ्यांची पिके सारखीच तुडवली गेली. राजस्थानच्या लोकस्मृतीत ‘दखणी’ स्वाराची जी प्रतिमा राहिली, ती काही गौरवाची नव्हे. हे सांगणे आवश्यक आहे, कारण पुढे जे घडले त्याचे मोल त्यावाचून कळणार नाही.

इंग्रजी अमलात राजांच्या लढाया थांबल्या आणि घोडा रणांगणावरून क्रीडांगणावर आला. 1875 साली स्थापन झालेल्या अजमेरच्या मेयो कॉलेजात राजपुत्रांना व ठाकुरांच्या मुलांना जे शिक्षण मिळे, त्यात अश्वारोहणाला मानाचे स्थान होते. ईसरदा ठिकाण्यातील एक मुलगा 1921 साली जयपूरच्या गादीवर दत्तक गेला, तोही ह्याच विद्यालयात शिकला. तो म्हणजे महाराज सवाई मानसिंह, दुसरे. त्यांचा पोलोचा संघ 1933 साली इंग्लंडला गेला आणि तेथील सर्व खुल्या स्पर्धा जिंकून परतला. संघात त्यांच्यासह राव राजा हनुतसिंह, अभयसिंह व पृथीसिंह असे चौघे होते. ह्या पराक्रमाने जयपूरचे नाव जगभर झाले. पण घोडा मात्र अजून राजवाड्याच्याच दावणीला होता. पोलोच्या मैदानाच्या कडेला उभा राहून टाळ्या वाजवणे एवढाच सामान्य घरच्या मुलाचा त्याच्याशी संबंध होता.

मुलींची गोष्ट तर त्याहून अवघड होती. जयपूरच्या जनान्यात पडदा कडक होता. 1940 साली ह्या घराण्यात गायत्रीदेवी सून म्हणून आल्या. त्या कुचबिहारच्या राजकन्या, परंतु त्यांची आई इंदिराराजे ही बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची मुलगी. कन्याशिक्षणाचा पुरस्कार करणाऱ्या मराठी आजोबांचा वारसा ह्या नातीत उतरला होता. लहानपणापासून घोड्यावर बसणारी, शिकार करणारी ही मुलगी पडद्याच्या राज्यात आली, आणि 1943 साली तिने जयपुरात मुलींची शाळा काढली. त्या शाळेत पहिल्या दिवशी आलेल्या मुलींची संख्या पंचविसाच्या आतच होती. मुलगी घराबाहेर पडते, मग ती पुस्तकासाठी असो वा रिकिबीसाठी, उंबरठा तोच असतो. एकदा तो ओलांडला गेला, की पुढची वाट तुलनेने सोपी होते.

ह्याच सुमारास इंग्लंडातही घोडा आणि मूल ह्यांच्या नात्याचा नव्याने विचार चालू होता. 1929 साली तेथे ‘पोनी क्लब’ नावाची मुलांची संस्था निघाली. यंत्रयुगात घोड्यांची संख्या घटत चालली आणि घरोघरी चालत आलेले अश्वज्ञान लोपणार असे दिसू लागले, तेव्हा ते ज्ञान मुलांच्या हाती सुपूर्द करावे अशी त्यामागील कल्पना होती. ह्या संस्थेच्या परीक्षांत केवळ स्वारी पाहत नाहीत; घोड्याचे खाणे, पाणी, खूर व आजार ह्यांचीही विचारपूस होते. ही संस्था पुढे अनेक देशांत पसरली. भारतात मात्र हे काम कोणा स्वतंत्र बालसंस्थेने आधी हाती घेतले नाही. ते इतिहासाच्या ओघात एका रिसाल्याकडे आले.

1949 साली जयपूर संस्थान राजस्थानात विलीन झाले. देशभरातील संस्थानांच्या फौजा भारतीय सैन्यात सामील होत होत्या, आणि त्यांच्यापाशी घोडे होते. रणगाड्याच्या युगात ह्या घोड्यांचे करावयाचे काय, असा प्रश्न होता. ग्वाल्हेर, जोधपूर, म्हैसूर इत्यादी संस्थानांच्या घोडदळांतील निवडक स्वार व घोडे एकत्र करून 1953 च्या ऑक्टोबरात एक नवा रिसाला उभारण्यात आला. 1954 मध्ये त्याला ‘61 वे कॅव्हलरी’ असे नाव मिळाले आणि त्याचा मुक्काम जयपुरास पडला. ह्या रिसाल्यात राजपूत, कायमखानी मुसलमान आणि मराठे ह्यांचे प्रमाण समसमान ठेवण्यात आले. ज्या जयपूरच्या वेशीत 1751 साली मराठा स्वार कापला गेला, त्याच जयपुरात दोनशे वर्षांनी मराठा स्वार राजपुताच्या रिकिबीला रिकीब लावून उभा राहिला, आणि दोघांच्या घोड्यांना एकाच पागेतून चंदी मिळू लागली. तुंग्याच्या रणापेक्षा ही घटना लहान दिसते खरी. पण तिचे फळ अधिक टिकाऊ आहे.

त्या फळांपैकीच एक म्हणजे मुलांचे अश्वारोहण. जेथे रिसाला असतो तेथे दफेदार व रिसालदार असतात, नालबंद असतात, पशुवैद्य असतात, आणि लढाईचे वय सरले तरी मुलाला पाठीवर घेण्याइतके शांत झालेले घोडे असतात. निवृत्त झालेला रिसालदार हा जगातील उत्तम अश्वशिक्षक होय. पिढ्यान्‌पिढ्यांचे ज्ञान त्याच्या गुडघ्यांत मुरलेले असते, आणि ते सांगण्यासाठी त्याला चार शब्दही पुरतात. जयपूरच्या मुलांना असे उस्ताद लाभले. राजाचा घोडा प्रथम राज्याचा झाला आणि मग, मर्यादित का होईना, नगराचा झाला, तो ह्या मार्गाने.

आता मंडळात नव्याने आलेल्या मुलाला काय अनुभव येतो ते पाहावे. राजस्थानातील ऊन लक्षात घेता शिक्षण पहाटेचे असते. मूल उत्साहाने येते ते भरधाव दौडण्याचे स्वप्न घेऊन. त्याला पहिल्या दिवशी शिकवतात ते घोड्याजवळ जावे कसे हे. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ चहूकडचे दिसते, परंतु थेट मागचे दिसत नाही. म्हणून पाठीमागून जाऊ नये. डाव्या खांद्याच्या बाजूने, आवाज देत जावे. कान पुढे असतील तर तो उत्सुक आहे, मागे चिकटवले असतील तर रागावला आहे, एक इकडे व एक तिकडे असेल तर विचारात आहे. मारवाडी घोड्याच्या कानांची टोके आत वळून एकमेकांना टेकतात, त्यामुळे त्याच्या मनातले वाचणे मुलांना विशेष मौजेचे वाटते.

मग खरारा. मग खूर उचलून त्यातला खडा काढणे. घोड्याला दिवसाला पंचवीस ते चाळीस लिटर पाणी लागते, दौडीहून आल्याबरोबर त्याला पोटभर चंदी घालावयाची नसते, आणि निसर्गाने त्याला ओकारीची सोय दिलेली नसल्यामुळे एका चुकीच्या तोबऱ्यानेही त्याच्या पोटात प्राणघातक कळ उठू शकते, हे मुलाला ह्याच वेळी समजते. स्वतःच्या हातून एखादे मोठे, जिवंत प्राणिमात्र दुखावू शकते ही जाणीव लहान वयात येणे ही सामान्य गोष्ट नव्हे. खेळण्यातला घोडा मोडला तर दुसरा आणता येतो. हा मोडत नाही, आजारी पडतो, आणि त्याची वाट पाहावी लागते.

ह्यानंतर प्रत्यक्ष स्वारी. उस्ताद मध्यभागी उभा, त्याच्या हातात लांब दोर, आणि दोराच्या टोकाशी गोलाकार फिरणारा घोडा. मुलाचे पाय रिकिबीतून काढून घेतात, कधी हातांतून लगामही काढून घेतात. आधारावाचून तोल सांभाळणे हीच मांड. साध्या चालीत ते जमते, पण दुडकी सुरू झाली की मूल पोत्यासारखे उसळू लागते. घोड्याच्या पावलांचा ताल ओळखून एका ठोक्याला उठावयाचे व दुसऱ्याला बसावयाचे, हे कळण्यास कुणाला आठवडा लागतो तर कुणाला महिना. तोवर मांड्या सोलतात, कंबर धरते, आणि केव्हातरी मूल पडते. पडणे हा ह्या विद्येचा नियमित पाठ आहे. डोक्यावर शिरस्त्राण असते, खाली वाळू असते. उस्ताद हातपाय तपासतो आणि लगेच पुन्हा वर चढवतो. त्यात कठोरपणा नाही. पडल्यावर घरी गेलेले मूल भीती बरोबर नेते, आणि पुन्हा चढलेले मूल ती वाळूतच ठेवून जाते, हा त्याचा शतकांचा अनुभव असतो.

चाळीस किलोच्या मुलाला चारशे किलोच्या जनावरावर बळ चालवता येत नाही. घरात हट्ट चालतो, शाळेत पाठांतर चालते, ओळखीपाळखीही चालतात; घोड्यापुढे ह्यांपैकी काहीच चालत नाही. अधिकाऱ्याचा मुलगा असो की शिपायाचा, ज्याचा हात लगामावर जड, त्याला घोडा मान झटकून सांगतो. मुलांच्या मंडळात त्यामुळे एक निराळीच उतरंड तयार होते. तेथे मान मिळतो तो ज्याच्याखाली अवखळ घोडाही शांत चालतो त्याला, मग ती नऊ वर्षांची मुलगी का असेना. अबोल, बुजरी मुले ह्या सहवासात मोकळी होतात असे शिक्षकांच्या पाहण्यात येते, ते ह्यामुळेच असावे. घोडा बोलावयास लावत नाही, आणि तरीही त्याला सर्व कळवावे लागते.

महाराष्ट्रानेही ही विद्या अगदीच टाकली नव्हती. पुण्यास 1932 साली श्रीशिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूल निघाले, नाशिकला 1937 साली डॉ. मुंजे ह्यांनी भोसला मिलिटरी स्कूल उभारले, आणि दोन्हीकडे विद्यार्थ्यांना घोड्यावर बसवण्यात आले. मुंबईत 1942 पासून हौशी स्वारांचा क्लब महालक्ष्मीच्या शर्यतीच्या मैदानावर आहे. पशुवैद्यक महाविद्यालयांना जोडलेल्या राष्ट्रीय छात्रसेनेच्या अश्वपथकांतून शेतकऱ्यांच्या मुलामुलींनाही खोगीर लाभते. परंतु जयपुरात जे घडले, म्हणजे रिसाला, पोलो आणि नगरातील मुले ह्यांची रोजची शेजारवस्ती, ते अन्यत्र विरळाच.

ह्या परंपरेचा कस दोन वेळा लागला. 1982 च्या दिल्ली येथील आशियाई क्रीडास्पर्धांत भारताने अश्वारोहणात तीन सुवर्णपदके मिळवली. त्यांतील एक वैयक्तिक सुवर्ण 61 व्या कॅव्हलरीच्या रघुबीर सिंगांचे होते, आणि ते तेव्हा दफेदार होते. त्याच रिसाल्याचे गुलाम मोहम्मद खान हे त्यांच्या मागोमाग रौप्यपदकाचे मानकरी ठरले. नंतरचे सुवर्ण यावयास एकेचाळीस वर्षे लागली. 2023 मध्ये चीनमधील हांगचौ येथे ते आले, आणि जिंकणाऱ्या चौघांत एकही सैनिक नव्हता. जयपूरची दिव्यकृती सिंग, इंदूरची सुदीप्ती हजेला, मुंबईचा हृदय छेडा व कोलकात्याचा अनुष अगरवाला, ही सारी पंचविशीच्या आतबाहेरची, बालपणीच घोड्यावर बसलेली मुले होती. दिव्यकृती ही पुढे अश्वारोहणातील अर्जुन पुरस्कार मिळवणारी पहिली भारतीय स्त्री ठरली. ज्या नगरात ऐंशी वर्षांपूर्वी मुलींना शाळेत आणताना मिनतवाऱ्या कराव्या लागल्या, त्या नगराला हा आनंद लहान नव्हे.

तथापि ह्या दोन विजयांमधील अंतर केवळ वर्षांचे नाही. 1982 चा दफेदार ज्या घोड्यावर बसला, तो राज्याचा घोडा होता. 2023 च्या मुलांना वर्षानुवर्षे युरोपात राहून शिकावे लागले, आणि त्या प्रतीच्या घोड्याचा व शिक्षणाचा खर्च सामान्य कुटुंबाच्या कल्पनेपलीकडचा असतो. जन्माचा अधिकार संपला, पण त्याच्या जागी पैशाचा अधिकार येऊन बसण्याची भीती आहे. पूर्वी विचारत, कोणत्या कुळातला? आता विचारतात, वर्गणी भरता येईल काय? शिलेदार नव्या वेषात परत येत आहे, आणि बारगिराची पागा मात्र आटत आहे. 2020 साली 61 व्या कॅव्हलरीचे घोडे काढून तिला रणगाडे द्यावेत असा विचार वृत्तपत्रांतून गाजला होता. त्यानंतरही प्रजासत्ताकदिनाच्या संचलनात तिचे स्वार दिसत राहिले आहेत. परंतु अशा रिसाल्यांतून निवृत्त होणाऱ्या उस्तादांची मालिका जर खंडित झाली, तर मुलांना शिकवणार कोण, हा प्रश्न हौशी मंडळांना आज ना उद्या सोडवावाच लागेल.

आणि आणखी एक मूल आहे, त्याचा उल्लेख राहून जाऊ नये. प्रत्येक पागेत मोतद्दार असतो. घोड्याची लीद काढण्यापासून रात्री त्याच्या उशाशी जागण्यापर्यंतचे सारे तो करतो. त्याची मुले तबेल्याच्या आसपासच वाढतात. घोड्याचे कान वाचण्याची विद्या त्यांना कोणी शिकवलेली नसते, ती त्यांना बोलण्याआधी येते. मंडळातील मूल ज्यासाठी महिना घालवते, ते ह्या मुलांना खेळता खेळता साधते. पण दोर हाती धरून गोलाच्या मध्यभागी उभा असलेला उस्ताद बहुधा त्यांना हाक मारीत नाही, कारण त्यांची नावे हजेरीपटावर नसतात. शिवकालीन पागेतील व्यवस्थेने ज्या मुलाला प्रथम घोडा दिला असता, ते हेच मूल होय. जयपूरच्या, पुण्याच्या किंवा मुंबईच्या मंडळांनी आपल्या दर पंचवीस घोड्यांमागे अशी दोनचार नावे हजेरीपटावर घातली, तर त्यांना खर्च फार पडणार नाही. तबेल्यातील घोडे तर त्या मुलांना आधीपासूनच ओळखतात.